डावीकडचा आवाज

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले त्या वर्षी मी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेतला. पुण्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी तो स्वतःच्या हाताने बनवला होता आणि लहान घरात राहायला जाताना विकायला काढला होता. नोकरीत मी तांत्रिक बाजूला होते. लाइनीत खरखर असली की रिसीव्हर कानाला लावायचा आणि दोष केबलमध्ये आहे, जोडात आहे की यंत्रात, हे ओळखायचं. माझ्या कानांवर ऑफिसातल्या सगळ्यांचा भरवसा होता, आणि माझा तर होताच.

लोणावळ्याच्या आमच्या घरात तो ॲम्प्लिफायर आला तेव्हा ह्यांना त्याची भीतीच वाटली. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. विजेच्या वस्तूंशी त्यांचा संबंध बटण दाबण्यापुरता. लोखंडी पेटीवर उभे राहिलेले ते जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह तांबूस पेटायला लागले की हे खुर्ची मागे सरकवायचे.

"आत किती व्होल्ट असतात?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"चारशेच्या आसपास."

"आणि बंद केल्यावर?"

"बंद केल्यावरही काही वेळ राहतात. कपॅसिटरमध्ये साठून."

त्यानंतर मी कधी त्याचं झाकण काढलं की हे दारात येऊन उभे राहायचे. मी एकाच हाताने काम करायचे आणि दुसरा पाठीमागे ठेवायचे, म्हणजे चुकून धक्का बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे जात नाही. ही नोकरीतली सवय. पण ती बघून ह्यांची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढायची.

खरी अडचण वेगळीच होती. ॲम्प्लिफायर जेमतेम आठ वॅटचा आणि माझ्याकडचे स्पीकर मुलीने बंगळुरूला जाताना सोडलेले. दिसायला सडपातळ, छान, पण ताकद खाणारे. त्यांना वाजवायला मोठा ॲम्प्लिफायर लागतो. माझ्या आठ वॅटवर ते कुजबुजल्यासारखे वाजायचे आणि आवाज वाढवला की तबल्याचा डग्गा चिखलात पाय रुतावा तसा ऐकू यायचा. व्हॉल्व्हला कमी ताकदीत मोकळे बोलणारे स्पीकर लागतात. जुन्या काळचे, मोठ्या हलक्या कागदी कोनचे. आणि ते विजेला किती अडवतात, तो त्यांचा ओहमचा आकडा ॲम्प्लिफायरच्या मागच्या खुणेशी जुळावा लागतो. एकाच्या तब्येतीला दुसरा मानवला पाहिजे, एवढंच ते शास्त्र.

असे स्पीकर माझ्या दिराने आणून दिले. दीर बेडश्याला शेती करतात, भाताची, आणि जोडीला लग्नकार्याला मंडप नि स्पीकर भाड्याने देण्याचा धंदा. कामशेतकडे कोणाच्या तरी गोठ्याच्या माळ्यावर तंबूच्या टॉकीजच्या स्पीकरचे दोन खोके पडले होते, ते टेम्पोत घालून त्यांनी दारात उतरवले.

"वयनी, हे बगा. लय जुनं हायती, पण कागद फाटल्याला न्हाई," ते म्हणाले. "चालत्याल का?"

मागे ओहम तपासले तर सोळा निघाले. माझ्या ॲम्प्लिफायरला सोळाची खूण होती. मी उंदरांची घाण साफ केली, कडा चिकटवल्या, तारा बदलल्या आणि दोन्ही खोके बैठकीच्या खोलीत लावले. एका गायिकेची भैरवी लावली. त्या खोक्यांतून तिचा श्वास घेतलेला ऐकू आला. दीर मांडी घालून जमिनीवरच बसले आणि रेकॉर्ड संपेपर्यंत उठले नाहीत.

मला मात्र डावीकडचा आवाज किंचित मंद वाटला.

म्हणजे आवाज कमी नव्हता. तानपुऱ्याच्या तारेची जी बारीक झगझग असते, ती उजवीकडून यायची आणि डावीकडून यायची नाही. डाव्या खोक्यावर कोणी गोधडी टाकावी तसं. मी ह्यांना विचारलं.

"दोन्ही सारखेच वाटतात मला," हे म्हणाले.

दिरांना विचारलं.

"मला बी दोन्हीकडनं सारकंच ऐकू येतंय, वयनी."

मी मनात म्हटलं, ह्या दोघांना काय कळतंय. एकाने जन्मभर वर्ग ओरडून शांत केले, दुसऱ्याने लग्नाच्या वरातीत कान फोडून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून मी दोष शोधायला लागले. आयुष्यभर केलेलंच काम, त्यामुळे क्रम पाठ होता. पहिल्यांदा डावीकडचे व्हॉल्व्ह उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे. व्हॉल्व्ह थकला असेल तर दोष त्याच्याबरोबर उजवीकडे जायला हवा. गेला नाही. मग तारांची अदलाबदल केली. मंदपणा डावीकडेच. मग खोके. एकट्याने ते ओढताना माझी कंबर भरून आली, पण दोन्ही खोके मी अदलाबदल करून लावले आणि घाईघाईने खुर्चीत येऊन बसले.

मंदपणा डावीकडेच होता.

खोलीचाच दोष, असं ठरवलं. डाव्या बाजूला खिडकी आणि जाड पडदा होता, कापड बारीक स्वर खातं. मी पडदा उतरवला. सोफा हलवला. भिंतीवरची सतरंजी काढली. हे वर्तमानपत्रातून डोकं काढून बघत होते.

"काय चाललंय?"

"डावीकडे काहीतरी खातंय आवाज."

"मग राहू दे ना थोडा."

ह्या सगळ्यात डावीकडून एक बारीक सूं असा आवाजही यायला लागला होता. व्हॉल्व्हच्या यंत्रात थोडी सळसळ असतेच, म्हणून मला तो यंत्राचाच वाटला. उलट बरंच वाटलं. सूं आहे म्हणजे यंत्रात दोष आहे, आणि यंत्रातला दोष सापडतो.

श्रावण होता. लोणावळ्यात त्या दिवसांत वीज कधी जाईल सांगता येत नाही. दुपारी जेवणं उरकून मी ॲम्प्लिफायरसमोर बसले होते. रेकॉर्ड लावली नव्हती, नुसती ती सूं ऐकत होते, कुठून येते ते पकडायला. हे आत पडले होते. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, फ्रीज बंद पडला. व्हॉल्व्हमधली तांबूस तार हळूहळू काळी झाली. बाहेर पागोळ्या गळत होत्या, तेवढाच आवाज.

आणि सूं चालूच होती.

मी ॲम्प्लिफायरची पिन काढली. स्पीकरच्या तारा काढल्या. डावा हात डाव्या कानावर दाबला, तर सूं जास्तच मोठी झाली. मी तिथेच बसून राहिले. काही तरी करायला पाहिजे हे कळत होतं, पण उठवत नव्हतं.

वीज आली तेव्हा एकच गोष्ट करायची राहिली होती. खरं तर ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती, सगळ्यांत सोपी ती होती. मी तारा परत जोडल्या, भैरवी लावली आणि खुर्ची उलटी फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसले. आता डावा स्पीकर माझ्या उजव्या हाताला होता. दोष स्पीकरचा, तारेचा, पडद्याचा, कशाचाही असता तर तो आता उजवीकडून ऐकू यायला हवा होता.

तो डावीकडेच राहिला.

मी रेकॉर्ड मध्येच उचलली. आत जाऊन ह्यांना उठवलं.

"माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाहीये," मी म्हटलं.

हे उठून बसले, चष्मा शोधायला लागले. चष्म्याने काय होणार होतं, पण ते तो शोधत राहिले. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. तो प्रश्न ऐकल्यावर मागचं एकेक आठवायला लागलं. फोन मी कधीपासून उजव्या कानाला लावायला लागले होते? बाजारात जाताना हे डावीकडून बोलायचे आणि मी उत्तर द्यायचे नाही, म्हणून हे रुसायचे. जिना उतरताना तोल जाऊ नये म्हणून कठडा धरायची सवय कधी लागली? मी गुडघ्यांना दोष दिला होता. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, तू हल्ली फार मोठ्याने बोलतेस." ह्यातलं काहीच मी एकमेकांशी जोडलं नव्हतं.

लोणावळ्याच्या कानाच्या डॉक्टरीण बाईंनी कानात बत्ती घालून बघितलं. "मळ नाही, पडदाही चांगला आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं ही चांगली बातमी आहे. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. "एकाच कानाचं कमी झालंय, ते मला नीट बघायला हवं," एवढंच म्हणून त्यांनी पुण्याला तपासणी लिहून दिली.

पुण्यात एका काचेच्या बंद खोलीत बसवून माझ्या कानांना हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाचं झटपट झालं, अगदी मुंगीच्या पावलाएवढे आवाज मी टिपले. मग डावा. पहिले दोनचार जाड स्वर आले, मी बटण दाबलं. त्यानंतर शांतता. काचेपलीकडे ती तपासणारी मुलगी खाली बघून काहीतरी फिरवत होती. मी वाट बघत होते. मला वाटलं, मशीन थांबलं असेल, ती दुसरं काही करत असेल. मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की आवाज चालू होते.

पुढचा भाग त्याहून वाईट होता. तिने कानात शब्द सांगायचे आणि मी ते परत म्हणायचे. उजव्या कानात ती म्हणाली, "हात, पान, दूध, वाट." मी म्हटलं. डाव्या कानात तिने आवाज मोठा केला. मला तिचा आवाज ऐकू येत होता, बाईमाणूस बोलतंय हे कळत होतं, पण शब्द लागत नव्हते. जन्मापासून बोललेली भाषा, आणि एक अक्षर लागत नव्हतं. मी "भात" म्हटलं, "बाग" म्हटलं, काहीही म्हटलं. ती मुलगी "बरोबर" म्हणत नव्हती आणि "चूक"ही म्हणत नव्हती.

रिपोर्ट बघून तिथल्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय करायला सांगितला.

"डोक्याचा?" ह्यांनी विचारलं. "कान तर..."

"कानातून मेंदूकडे जाणारी नस बघायची आहे," डॉक्टर म्हणाले. "तिच्यावर गाठ असू शकते. नसेलही. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

परतीच्या लोकलमध्ये तळेगाव गेल्यावर ह्यांनी पिशवीतून चिवड्याची पुडी काढली, फोडली, आणि दोघांनीही खाल्ला नाही.

एमआरआयची वेळ मिळायला काही दिवस लागले. त्या दिवसांतली भीती मला अजून नीट सांगता येत नाही. मरणाची भीती नव्हती, किंवा ती नंतर आली. आधी साधी भीती होती, की घर ओळखू येईना. कुकरची शिट्टी कुठून झाली, दार कोणी वाजवलं, पुढचं की मागचं, काही कळायचं नाही. आवाज यायचा, पण त्याची जागा कळायची नाही. दोन कान सारखे असले की माणूस डोळे मिटूनही बोट दाखवू शकतो, हे मी नोकरीत कितीदा केलं होतं. आता मोबाइल वाजला की मी घरभर फिरायचे आणि तो माझ्या मागे टेबलावर असायचा.

अशाच एका सकाळी आम्ही दूध आणायला निघालो होतो. दाट धुकं उतरलं होतं, आमच्याकडे पावसाळ्यात उतरतं तसं, दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. रस्ता ओलांडायचा होता. हॉर्न वाजला. मला तो स्पष्ट उजवीकडून ऐकू आला. मी उजवीकडे बघितलं, कोणी नव्हतं, आणि पाऊल टाकलं. ह्यांनी माझा दंड इतक्या जोरात ओढला की बांगडी फुटून मनगटात रुतली. डावीकडून एक पर्यटकांची गाडी आली आणि माझ्या साडीला वारा लावून गेली.

हे ओरडतील असं मला वाटलं. ते नुसते माझा हात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. माझ्या मनगटातून रक्त येतंय हे आम्हाला दूधवाल्याकडे पोचल्यावर दिसलं.

त्या दिवसापासून मी एकटीने बाहेर जाणं बंद केलं.

एमआरआयच्या खोलीबाहेर मंगळसूत्र, कानातल्या कुड्या, बांगड्या, सगळं काढून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते रुमालात बांधलं आणि रुमाल मुठीत धरून बसले. त्या नळीत मला सरकवलं तेव्हा कानांत बोळे घातले होते, तरी ठकठक, घरघर असे आवाज डोक्यात शिरत होते. मध्ये एकदा बाहेर काढून हाताच्या शिरेत औषध दिलं आणि पुन्हा आत. मी डोळे मिटून हलायचं नाही एवढंच मनात घोकत होते. एका क्षणी ठकठक थांबली आणि फक्त माझी सूं राहिली. त्या नळीत तेवढी एकच ओळखीची होती. तरीही ती मला नको होती.

गाठ होती.

डॉक्टरांनी फोटो पडद्यावर लावून दाखवला. डाव्या बाजूला, कानामागच्या हाडाच्या बोळात, वाटाण्यापेक्षा लहान पांढरा ठिपका. "कॅन्सर नाही," ते आधी म्हणाले, आणि ह्यांनी माझ्या शेजारी लांब श्वास सोडला. "पण ही वाढली तर मेंदूच्या देठाला दाबू शकते. शेजारून चेहऱ्याची नस जाते. ऑपरेशन करता येतं, रेडिएशन देता येतं, किंवा सध्या काहीच न करता लक्ष ठेवता येतं. बऱ्याच जणांची वाढतच नाही."

"आणि ऐकू येणं?" मी विचारलं.

"गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं किती दिवस राहील, तेही सांगता येत नाही."

आम्ही लक्ष ठेवायचं ठरवलं. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. ते सहा महिने मी आरशासमोर फार वेळ घालवला. सकाळी तोंड धुताना हसून बघायचं, दोन्ही गाल सारखे वर जातात का. भुवया उचलून बघायच्या. डोळा पूर्ण मिटतो का. एकदा चहा पिताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून थेंब ओघळला, आणि दिवसभर मी त्या कोपऱ्याला हात लावून बघत राहिले. ओघळला होता कारण चहा गरम होता. पण ते संध्याकाळपर्यंत पटलं नाही.

ॲम्प्लिफायरवर मी चादर टाकली होती. दिवाळीच्या सुमारास दीर आले. बैठकीत येताच त्यांचं लक्ष गेलं.

"वयनी, वाजवत न्हाई का?"

"कशाला, भाऊजी? एकच बाजू येते."

"मग एकच वाजवा की. आमच्या मंडपात कुटं दोन बाजू असत्यात."

त्यांनी काही फार विचार करून म्हटलं नव्हतं. चहा घेऊन ते गेलेही. मी मात्र दोन दिवस त्या चादरीकडे बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी ती काढली. रेकॉर्ड प्लेयरकडून येणाऱ्या दोन्ही बाजू आधीच एकत्र केल्या, म्हणजे गाण्यातलं काही अर्धं कापलं जाणार नाही. एकच खोका ठेवला आणि तो खुर्चीच्या उजव्या अंगाला, जवळ आणला. दुसऱ्या खोक्याच्या जागी ॲम्प्लिफायरला एक जाडसर रेझिस्टर जोडला, कारण व्हॉल्व्हच्या यंत्राची बाजू मोकळी सोडली तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. झाकण काढताना हे नेहमीप्रमाणे दारात आले. या वेळी पहिल्यांदा ते आत येऊन माझ्या उजव्या बाजूला स्टुलावर बसले.

"काही लागलं तर सांग," हे म्हणाले. "मला ऐकू येतंय."

गाणं लागलं. पूर्वीसारखं नव्हतं. पूर्वी गायिका समोर, दोन खोक्यांच्या मधे उभी असल्यासारखी वाटायची. आता ती एका कोपऱ्यातून गायची. मला तिचा श्वास ऐकू आला. मी रडले, पण आनंदाने नव्हे. ती समोर नव्हती म्हणून रडले.

माघात दुसरा फोटो काढला. निकालाच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी ह्यांना माझ्या उजवीकडे बसवलं होतं, म्हणजे नाव पुकारलं तर त्यांनी सांगावं. नाव मलाच ऐकू आलं. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, मोजले, पुन्हा मोजले.

"होती तेवढीच आहे," ते म्हणाले. "आता वर्षाने या."

बाहेर आल्यावर ह्यांनी मुलीला फोन लावला. दोनदा "तेवढीच आहे, तेवढीच आहे" म्हणाले आणि मग बोलता येईना म्हणून फोन माझ्याकडे दिला. मुलगीही रडत होती.

लोकलमध्ये बऱ्यापैकी जागा होती. मळवलीच्या पुढे डोंगरावर ऊन पडलं होतं. हे म्हणाले, "आता भीती गेली ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुमची?"

"माझीही नाही," ते म्हणाले, आणि उतरायला उशीर होऊ नये म्हणून पिशवी आधीच मांडीवर घेऊन बसले.